फुलीची दुसरी रेघ

९ एप्रिल

दादा,

हे पत्र न वाचता बाजूला ठेवू नकोस. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस हे त्या दोन निळ्या खुणांवरून कळतं, पण उत्तर येत नाही. म्हणून कागद घेतला. कागद निदान हातात तरी धरावा लागतो.

आधी हे सांगते की सगळे जिवंत आहेत. आई कामाला जाते. मी रोज सकाळी गॅरेजचं शटर वर करते. बाबांनी मात्र काम सोडलंय. चहा झाला की वरच्या खोलीत खिडकीशी बसतात आणि खालून जाणारी गाडी आवाजावरून ओळखतात. पूर्वी ओळखली की मोठ्याने सांगायचे, "हिचा दोन नंबर सिलिंडर मार खातोय!" आता फक्त ओठ हलतात.

घडलं ते असं. एक दातांचे डॉक्टर आहेत, तुझ्यानंतर आलेलं गिऱ्हाईक. आठवडाभर लोकांच्या दाढा काढतात आणि रविवारी ट्रॅकवर गाडी पळवतात. त्यांच्या गाडीचं इंजिन जानेवारीत आपल्याकडे पूर्ण उघडून नव्याने बांधायला आलं. फेब्रुवारीत दिलं. महिनाभर त्यांनी ते सांगितल्याप्रमाणे हळू चालवलं. मार्चमध्ये पहिल्यांदा पूर्ण वेगाने पळवलं आणि पिस्टनचा तीन नंबरचा रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. तेल मागच्या चाकाखाली गेलं, गाडी फिरली आणि भिंतीला लागली. डॉक्टरांचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. उजवं. दातांच्या डॉक्टरचं.

इंजिन परत आलं तेव्हा बाबांनी ते स्वतः उघडलं, मला जवळ येऊ दिलं नाही. तीन नंबरच्या रॉडचे दोन बोल्ट. एक मधून तुटलेला. दुसरा खाली तेलाच्या चेंबरमध्ये पडलेला, आख्खा, आटेसुद्धा शाबूत. तुला वेगळं सांगायला नको. जो तुटला तो घट्ट होता, जो आख्खा निघाला तो सैल होता. सैल होऊन हळूहळू उलटा फिरत बाहेर आला आणि सगळा भार एकट्या दुसऱ्यावर पडला.

आख्ख्या बोल्टच्या डोक्यावर पिवळी फुली आहे.

बाबा तो बोल्ट तळहातावर घेऊन स्टुलावर बसले ते आई कामावरून येईपर्यंत. मग म्हणाले, "रंग माझा आहे." एवढंच.

तीन आणि चार नंबरचे बोल्ट आपण कधी घट्ट केले, हे त्यांना आठवतच नाही. त्या आठवड्यात त्यांना ताप होता, त्यातच उठून काम केलं. वय झालंय, दादा. विसरायला होतं.

तू ये. चार दिवसांसाठी तरी.

तुझी,
छोटी

२ मे

दादा,

उत्तर आलं नाही. तू म्हणत असशील, की हिनेच त्यांच्यामागे घाईचा धोशा लावला असणार. खरं आहे. लावला होता. पण का लावला ते ऐकून घे.

तू गेलास तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुझ्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन बाबांनी पाच महिने उघडं ठेवलं होतं. निवडीची शर्यत रविवारी होती आणि शनिवारी सकाळी त्यांनी दुसरी रेघ मारायला नकार दिला. आठवतं ना? आदल्या संध्याकाळी बोल्ट घट्ट केला की ज्याचा हात त्याच्या रंगाची एक रेघ. इंजिनाने रात्र काढायची. सकाळी ताज्या डोळ्यांनी पाना परत लावायचा, पाना टक् बोलला की पहिलीवर आडवी दुसरी रेघ. फुली पुरी झाल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही. त्या सकाळी त्यांना काहीतरी खटकलं आणि त्यांनी सगळं परत उघडलं. क्रँकला केसाएवढा तडा निघाला. तुझी शर्यत गेली. तू तुझी लाल रंगाची बाटली भिंतीवर फेकलीस आणि ओरडलास ते शेजारच्या इमारतीतल्या लोकांनीही ऐकलं.

तेव्हा मी जिन्यात उभी होते. मला वाटलं, कोणीतरी याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पाच महिने लागतील म्हणून. तू दुसरीकडे गेला असतास, चिडला असतास, पण घर सोडून गेला नसतास. तडा हा दोष नव्हता. तारीख नव्हती, हा दोष होता. मी हे मनापासून मानलं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्पसुद्धा त्याच्यावरच केला, की शर्यतीच्या इंजिनाची पूर्ण बांधणी किती दिवसांत व्हावी. सत्तर पानं लिहिली. उत्तर आलं, सहा आठवडे. उघडणं आणि धुणं एक, लेथवर दोन, सुटे भाग जमवणं एक, मोजमाप एक, जोडणी आणि चालवून बघणं एक.

पदवी मिळाली त्या दिवशी बाबांनी प्रमाणपत्र काच लावून गॅरेजमध्ये टांगलं, पान्यांच्या फळीच्या वर. येईल त्याला दाखवायचे. "आमच्या घरात पहिली. मी नववी नापास, हिचा भाऊ दहावी, आणि ही इंजिनियर." मला नवीन बाटली दिली, हिरव्या रंगाची. तीच ती, आईच्या रिकाम्या नेलपॉलिशच्या बाटलीत भरलेला ऑइलपेंट, झाकणालाच ब्रश. म्हणाले, "घाई करू नकोस उघडायची."

मी पांढरा बोर्ड आणला. भिंतीवर तुझ्या लाल रंगाचा डाग होता, बाबांनी तो कधी पुसला नव्हता. बोर्ड मी बरोबर त्याच्यावर टांगला. त्यावर सहा रकाने आखले आणि बाबांना विचारलं.

"बाबा, एका इंजिनाला किती दिवस?"

"झालं की सांगतो."

"असं नाही चालत. गिऱ्हाइकाला तारीख लागते."

"तारीख कोर्टात देतात."

पण डॉक्टर आले तेव्हा मी तारीख दिली. सहा आठवड्यांनंतरचा शुक्रवार. बाबा समोर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही एका दाढेसाठी मला चार वेळा बोलावलंत, डॉक्टर. हिला सोळा झडपा आहेत." डॉक्टर हसले. बाबाही हसले. आणि मग म्हणाले, "मुलीने शब्द दिलाय, तर दिला."

लेथवाल्या काकांनी चौदा दिवस धरले होते, त्यांना सतरा लागले. मी रोज जाऊन उभी राहायचे. ते म्हणाले, "आता मी काय सिलिंडरवर डोळे वटारू का, लवकर गोल हो म्हणून?" परत आल्यावर मी बोर्डावर सगळं पुढे ढकललं. शेवटचा रकाना मात्र हलवला नाही. शेवटच्या आठवड्यातून तीन दिवस कमी झाले. मला वाटलं, भरून काढू.

तू आता काम करतोस त्या कारखान्यात म्हणे दर दीड मिनिटाला एक इंजिन तयार होतं. तिथे कोणी खूण करतं का? कुठल्या रंगाची?

छोटी

२८ मे

दादा,

आज आईने स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लावल्या. गॅसच्या बटणावर, नळावर, बाबांच्या गोळ्यांच्या डब्यावर. बाबांनीच सांगितलं लावायला.

त्यांना विसरायला होत नाहीये, हे मला नीट सांगता येत नाही. त्यांना सगळं आठवतं. फक्त आठवतंय त्याच्यावर त्यांचा विश्वास राहिलेला नाही. जेवून उठतात आणि आईला विचारतात, "मी जेवलो ना?" आई म्हणते, "अहो, आत्ता ताट उचललंत." ते म्हणतात, "हो. मला तसंच वाटलं. विचारलेलं बरं." स्कूटर चालवत नाहीत. दाराला कुलूप लावत नाहीत, आईला लावायला सांगतात आणि खेचून बघतातसुद्धा नाहीत.

मी त्यांना मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी कागदावर दहा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी काढलं, आणि तासकाटा दहावर न काढता दहाच्या किंचित पुढे काढला, कारण मिनिटकाटा दहा मिनिटांवर होता. डॉक्टर म्हणाले, असं फार थोडे लोक काढतात. पाच शब्द सांगितले, ते पाचही त्यांनी उलट क्रमानेसुद्धा म्हणून दाखवले. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे." बाबा हसले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "भला माणूस आहे. पण त्याने घड्याळ पाहिलं. बोल्ट नाही पाहिला."

बोल्ट त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो. सदैव. शर्ट बदलला की त्या शर्टात.

ट्रॅकवरचे लोक वाईट बोलत नाहीत. वाईट बोलले असते तर मी भांडले असते. ते म्हणतात, "मोठा हात होता हो त्यांचा. वय कोणाला चुकलंय?" आणि इंजिनं दुसरीकडे नेतात. माझ्याकडे तेल बदलायला येतात, दयेने.

आज बाबांनी मला पिवळी बाटली दिली. म्हणाले, "ही तू ठेव. माझ्या हाताशी नको." मी घेतली. दादा, मी ती हात पुढे करून घेतली.

येशील का?

छोटी

१७ जून

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार वर्षांत पहिलं, आणि त्यात दोन ओळी. "तापात बाबा पान्याला हात लावत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. तीन नंबर कोणी घट्ट केला?"

फुली पिवळी आहे असं मी लिहिलंच होतं. माणूस बदलतो. तू चार वर्षं इथे नव्हतास, तुला काय माहीत ते आता कसं काम करतात? प्रश्न विचारायचे असतील तर इथे येऊन विचार.

छोटी

१८ जून

दादा,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. हात आत घालून बघितला, पोचत नाही. हे पत्र त्याच्या मागोमाग येईल. आधी हे वाच.

मी घट्ट केला.

मंगळवारी संध्याकाळी बाबांनी एक आणि दोन नंबरच्या रॉडचे चार बोल्ट घट्ट केले, चार पिवळ्या रेघा मारल्या. म्हणाले, अंग कसकसतंय, उरलेले उद्या. बुधवारी त्यांना उठवेना. आई कामावर गेली. इंजिन उघडं, खाली डोकं वर पाय करून स्टँडवर. शुक्रवार दोन दिवसांवर. बोर्डावरचा शेवटचा रकाना मी सहा आठवडे रोज पाहिला होता.

मी बाबांच्या चार बोल्टांना पाना लावला. चारही वेळा पाना बोलला. त्यांच्यावर दुसरी रेघ मारली. मग तीन आणि चार नंबर घेतले. आपल्या पद्धतीनेच, आधी चारही बोल्ट अर्ध्या जोराने, मग पुन्हा पहिल्यापासून पुऱ्या जोराने, पाना टक् म्हणेपर्यंत. तीन नंबरचा पहिला बोल्ट टक् म्हणाला आणि फोन वाजला. दातांचे डॉक्टर. शुक्रवारी नक्की ना, आणि आतले फोटो पाठवा ना, फुल्या दिसतील असे, मित्रांना दाखवायचे आहेत. मी म्हटलं, नक्की. तारीख म्हणजे शब्द, असं काहीतरी मोठं वाक्यही म्हटलं. फोन ठेवला आणि चार नंबरपासून पुढे सुरू केलं.

तीनचा दुसरा बोल्ट अर्ध्या जोरावर राहिला.

हे मला तेव्हा कळलं नाही, हे खरं आहे. पण सकाळी कळलं असतं. ती रात्र त्याच्यासाठीच असते. इंजिन शुक्रवारी द्यायचं तर गुरुवारी गाडीत बसायला हवं, म्हणून बुधवारीच बंद करायला हवं होतं. मी चारही बोल्टांवर दोन्ही रेघा एकदमच मारल्या. एक ओली असतानाच दुसरी.

आणि रंग. हिरवी बाटली समोर होती. फोटोत चार पिवळ्या आणि चार हिरव्या फुल्या दिसल्या असत्या, तर डॉक्टरांनी विचारलं असतं, की हे काय, आम्ही तर काकांच्या हाताचं इंजिन सांगितलं होतं. मला ते विचारलेलं नको होतं. म्हणून पिवळी उघडली. मी एवढी शिकलेली, आणि मला माझा रंग लावायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी सकाळी बाबा भिंतीला धरून खाली आले. गाडी उभी होती, इंजिन आत. त्यांनी फोनवरचे फोटो पाहिले. बराच वेळ पाहिले. म्हणाले, "तीन-चार मी केले?"

तिथे सांगता आलं असतं. इंजिन परत उतरवायला दोन दिवस लागले असते. फार फार तर डॉक्टर चिडले असते.

मी म्हटलं, "हो ना. बुधवारी दुपारी ताप उतरला तेव्हा खाली आला होतात. मी नको म्हणत होते तरी. संध्याकाळी पहिली रेघ, काल सकाळी दुसरी. आठवत नाही?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी आयुष्यात त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, त्यामुळे शंका कुठे ठेवायची हे त्यांना कळलंच नसावं. ती त्यांनी स्वतःवर ठेवली. "तापाने डोकं गेलंय माझं," म्हणाले आणि हसले.

मार्चपासून मी रोज बघतेय, दादा, ती शंका त्यांना कशी पोखरतेय ते. आणि गप्प आहे. बोललं तर डॉक्टरांच्या मनगटाचं ओझं माझ्यावर येईल, ही एक भीती. काच लावून टांगलेल्या त्या कागदाकडे बाबा कसे बघतील, ही दुसरी. दुसरी मोठी होती.

छोटी

१४ जुलै

दादा,

सांगितलं. आधी दातांच्या डॉक्टरांना. मी त्यांच्या दवाखान्यात गेले. ते आता स्वतः रुग्ण बघत नाहीत, हाताखालच्या डॉक्टरला सूचना देतात. बारीक काम उजव्या हाताला आता जमत नाही आणि जमेल असं कोणी सांगतही नाही. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तो फोन माझा होता." मी म्हटलं, फोनचा काय दोष. ते म्हणाले, "नाही, दोष नाही. पण फोन माझा होता." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग रविवारी दुपारी बाबांना. आई भाजी निवडत होती. मी खाली जमिनीवर बसले आणि बुधवारपासून शुक्रवारपर्यंतचं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. रंगाचं, फोनचं, मी खोटं बोलले त्याचं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बाळा, सोळा वर्षं शिकलीस," म्हणाले, "पण खोटं काही बोलता येत नाही तुला."

मी म्हटलं, "बाबा, हे खरं आहे. तेव्हा खोटं बोलले होते."

"हो, हो."

"बाबा, शपथ!"

"शपथ कशाला घालतेस? कळतं मला. बाप असा खिडकीत बसलेला बघवत नाही तुला. म्हणून माझं स्वतःच्या अंगावर घेतेस." आणि आईला म्हणाले, "बघ, कशी पोर आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कितीतरी महिन्यांनी ते खूश दिसले, दादा.

मी धावत जाऊन पिवळी बाटली आणली. दोन नवे बोल्ट घेतले. एकावर एक रेघ मारली आणि सांगितलं, उद्यापर्यंत थांबा. दुसऱ्यावर दोन्ही रेघा एकदम मारल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्यावर दुसरी रेघ मारून ती वाळू दिली आणि दोन्ही बोल्ट त्यांच्या हातात दिले. एकात खालची रेघ वाळल्यावर वरची तिच्यावरून गेलेली, बोट फिरवलं की मधोमध चढ लागतो. दुसऱ्यात दोन्ही रेघा एकमेकींत मिसळून सपाट. म्हटलं, आता खिशातल्या बोल्टवर बोट फिरवा.

त्यांनी फिरवलं. परत फिरवलं. चेहरा असा पडला की मला कळेचना काय झालं.

"म्हणजे दोन्ही रेघा मी एकदम मारल्या," ते म्हणाले. "रात्रसुद्धा दिली नाही."

पुरावा मी दिला आणि त्यांनी तोही स्वतःच्या विरुद्ध घेतला. आजवर त्यांना वाटत होतं की आपण विसरलो. आता वाटतं की आपण लबाडी केली आणि तीही विसरलो.

आईने मला मोरीत ओढून नेलं. तिला खरं कळलंय, माझ्याकडे बघून कळलं. एक शब्द रागाचा बोलली नाही. म्हणाली, "परत नको काढूस हा विषय. मुलगी माझ्यासाठी जीव टाकते, असं वाटतंय ना त्यांना? तेवढं एक राहू दे त्यांच्याजवळ."



छोटी

२५ ऑगस्ट

दादा,

बाबांनी हत्यारं लेथवाल्या काकांना द्यायची ठरवलीत. काका नको नको म्हणत होते. बाबा म्हणाले, "तुझ्याकडे वापरात राहतील. माझ्याकडे माणूस मारतील." पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो येईल. तो टक् म्हणणारा टॉर्क पाना त्यांनी स्वतः पुसून पेटीत ठेवला, स्प्रिंग सैल करून, जसा नेहमी ठेवतात तसा. एकही गोष्ट विसरले नाहीत.

प्रमाणपत्र मी उतरवलंय. बाबांनी विचारलं का, तर मी म्हटलं, काच पुसायची आहे. परत खोटं. बोर्डही काढला. मागे तुझा लाल डाग आहे तसाच आहे.

त्या डागासमोर बसूनच हे लिहितेय, आणि एक गोष्ट सुचलीय. मला खात्री नाही. पण दुसरं काही उरलेलं नाही.

मी काहीही सांगितलं तरी त्यांना ते प्रेम वाटतं. आईचंही तेच. काकांनी सांगितलं तर मैत्री वाटेल. दातांचे डॉक्टर येऊन गेले, त्यांना बाबा म्हणाले, "तुम्हालाही पढवलं वाटतं हिने." या घरात एकच माणूस आहे ज्याने बाबांना बरं वाटावं म्हणून आयुष्यात कधी काही म्हटलं नाही. तो तू.

आणि तुझ्याकडे जे आहे ते माझ्याकडे नाही. त्या शनिवारी तुझी शर्यत दुसऱ्या दिवसावर होती. तू पाया पडलास, मी जिन्यातून पाहिलं. तू म्हणालास, एक रेघ मारायची आहे फक्त, मारा ना. सख्ख्या मुलासाठी त्यांनी ती मारली नाही. घर मोडलं तरी मारली नाही. तो माणूस एका दातांच्या डॉक्टरसाठी, एका शुक्रवारसाठी, अंगात ताप असताना दोन्ही रेघा एकदम मारेल? हे त्यांना कोणीतरी विचारायला हवं. आणि ते विचारायचा हक्क एकट्या तुला आहे.

मी चार वर्षं समजत होते की तुझा राग संपायला हवा. आता म्हणते, संपला असेल तर शोध. समजूत घालू नकोस, माफी मागू नकोस, देऊही नकोस. तेव्हा ओरडला होतास तसाच ओरड. "माझ्यासाठी एक रेघ मारली नाहीत, आणि हिच्या बोर्डासाठी दोन्ही एकदम मारल्यात?" एवढंच. ते उत्तर द्यायला उठले तर त्यांना स्वतःच ऐकू येईल.

बोल्ट सोबत पाठवतेय. त्यांच्या खिशातून काढला, त्याच्या जागी नवा ठेवला, आधीच्या पत्रात लिहिलेल्या त्या दोनांतला, चढ असलेला. अजून त्यांना कळलेलं नाही, किंवा कळलं असेल आणि स्वतःवर विश्वास बसला नसेल. फुलीच्या मधोमध बोट फिरवून बघ. ती माझी आहे.

तू कधी फोन करशील ते विचारत नाही. कोणाला किती दिवस लागावेत हे मी आता सांगत नाही. दुपारी चारनंतर आई घरी नसते, मी खाली असते, बाबा खिडकीशी एकटे असतात. फोन मी त्यांच्या हाताशी ठेवते. आवाज पूर्ण मोठा करून ठेवते.

छोटी